ओठ हलतात, शब्द कुठे गेले?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. घरच्या संगणकावर आम्ही सारे चित्रपट पाहत बसलो होतो. अर्ध्या तासाने अण्णा उठले. "तुमचं चालू द्या. मला नुसते ओठ हललेले दिसतात. कान गेले आता माझे," असे म्हणून ते ओट्यावर जाऊन बसले. आम्हां भावंडांना पडद्याखालची इंग्रजी अक्षरे वाचण्याची सवय, त्यामुळे आमचे काही अडले नव्हते. दुसऱ्या दिवशी आईने कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावण्याचा विषय काढला, आणि अण्णा त्यावर काहीच बोलले नाहीत.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. हेच अण्णा त्याच संगणकावर, त्याच दोन स्पीकरांवर बातम्या ऐकत, तेव्हा एकही शब्द त्यांच्या कानांतून निसटत नसे. कान गेले असते तर ते बातम्यांनाही गेले असते. म्हणजे दोष बातम्या आणि चित्रपट यांच्यात जो फरक आहे, त्यात कोठेतरी दडलेला असणार. (तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनी याची नोंद घ्यावी.)

फरक असा. बातम्यांचा आवाज दुपदरी असतो, एक पदर डावा, एक उजवा. इंग्रजीत याला चॅनेल म्हणतात. पण बातम्यांच्या बाबतीत त्या शब्दाने घोटाळा होईल, म्हणून आपण पदरच म्हणू. चित्रपटाचा आवाज पुष्कळदा सहापदरी असतो. जाणकार त्याला ५.१ म्हणतात. समोर डावा, मधला आणि उजवा. प्रेक्षकाच्या अंगाला किंवा पाठीशी डावा आणि उजवा. आणि उरलेला ‘पॉइंट एक’ म्हणजे निव्वळ घुमारा, साधारण १२० हर्ट्झपर्यंतचा. प्रेक्षकाला आवाजाने वेढून टाकण्याची ही हौस जुनी आहे. डिस्नेने १९४० साली ‘फँटेशिया’साठी तशी खास व्यवस्था उभारली होती. आपल्याकडे १९७५ मध्ये ‘शोले’ ७० एमएमवर स्टिरिओ आवाजासह आला, तेव्हा पडद्यावरचे नाणे पडल्यावर लोक खुर्चीखाली पाहू लागत, असे जुने प्रेक्षक अजून सांगतात.

पण खरी मेख मधल्या पदरात आहे. पात्रांचे संवाद बहुतांशी तेथेच ठेवलेले असतात. हेतू हा की, तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलात तरी बोलणे पडद्यातूनच यावे. हा एक पदर हरवला की पाऊस, वाद्ये, घोड्यांच्या टापा सारे शाबूत राहते आणि माणसे तेवढी मुकी होतात.

स्पीकर दोनच असतील तर सहा पदर दोनांत मिसळावे लागतात. संगणक ते करतो. मधला पदर थोडा हलका करून तो डाव्या-उजव्यांत सारखा वाटून देतो. मात्र स्पीकर दोनच आहेत हे त्याला ठाऊक पाहिजे. आमच्या घरी घडले होते ते असे : दादाने कोठूनतरी सहा स्पीकरांचा जुना संच आणला, वायरी पायांत येतात म्हणून आईने तो माळ्यावर टाकायला लावला, आणि त्याच्या जागी दोन साधे स्पीकर आले. हे संगणकाला कोणी सांगितलेच नाही! तो बिचारा संवाद इमानाने मधल्या स्पीकरच्या रिकाम्या छिद्रात पाठवीत राहिला. टपालवाल्याने घर सोडून गेलेल्या भाडेकरूच्या दारात रोज पत्रे टाकून जावे, तसे.

उपाय दोन मिनिटांचा निघाला. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘साउंड’, त्यात आपला स्पीकर निवडून ‘कॉन्फिगर’, आणि तेथे ५.१ ऐवजी ‘स्टिरिओ’.

यशाने माणूस चेकाळतो. मी माळ्यावरचा संच खाली काढला. हिरवी पिन पुढच्या स्पीकरांची, काळी मागच्यांची, नारिंगी मधल्याची व घुमाऱ्याच्या डब्याची. ज्या संगणकांना तीनच छिद्रे असतात तेथे निळे आणि गुलाबी छिद्र ही जादा कामे करतात, पण आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये तसे सांगावे लागते. ‘कॉन्फिगर’मध्येच ‘टेस्ट’चे बटण आहे, ते एकेका स्पीकरला पाळीपाळीने हाक मारते. मी मधल्याला हाक मारली आणि ओ आली डब्यातून, विहिरीत पडलेल्या माणसासारखी. काही संचांत नारिंगी वायरीतले हे दोन पदर उलटे जोडलेले असतात. त्यांची अदलाबदल करण्याची सोयही त्याच प्रोग्रॅममध्ये सापडली.

टेस्टमध्ये सहाही बोलतात, पण चित्रपट लावला की मागचे गप्प, असे झाले तर वायरी उपसू नयेत. ‘मीडियाइन्फो’ नावाचा फुकट प्रोग्रॅम फाइलमध्ये किती पदर आहेत ते दाखवतो. दोनच निघाले तर आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? सहा असतील तर चित्रपट दाखविणाऱ्या प्रोग्रॅममध्येच कोणी ‘स्टिरिओ’ निवडून ठेवले आहे का, ते पाहावे.

वर्गातल्या एका मित्राची तक्रार निराळी होती. त्याच्याकडे चित्रपट सहापदरी वाजे, खेळ मात्र दुपदरी. त्याची वायर प्रकाशाची, म्हणजे ऑप्टिकल. तिच्यातून साधे दोन पदर जातात, किंवा डॉल्बी वा डीटीएसच्या रूपात दाबून बसविलेले सहा. चित्रपटात ते आधीच दाबलेले असतात, खेळात नसतात. एचडीएमआय वायरीतून आठ पदर मोकळे जाऊ शकतात, म्हणून तो तिकडे वळला. पण त्याने ती वायर आधी टीव्हीला जोडली. संगणकाने टीव्हीला विचारले, "किती?" टीव्ही म्हणाला, "दोन." झाले, ५.१ चा पर्यायच दिसेना! वायर आधी अँप्लिफायरला आणि तेथून टीव्हीला जोडल्यावर तो दिसू लागला.

आमच्याकडे सहा स्पीकर दोन दिवस टिकले. आईच्या पायात वायर अडकली आणि संच पुन्हा माळ्यावर गेला. या वेळी संगणकाला सांगायला मी विसरलो नाही. अण्णांनी तो चित्रपट पहिल्यापासून लावायला सांगितला आणि शेवटपर्यंत पाहिला. डॉक्टरांकडे मात्र जाऊन आलोच, नंबर लावलेला होता. डाव्या कानातून बराच मळ निघाला.