पावसाने घडवलेला दगड

तारकर्ली-देवबाग म्हणजे एका अंगाला कर्ली नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र आणि मधे साचलेली वाळूची पट्टी. घर बांधण्याजोगा दगड या वाळूत मिळत नाही. तरीही माडांच्या आड दिसणारी जुनी घरं, त्यांचे चौथरे, गडगे आणि विहिरींचे कठडे तांबड्या जांभ्याचेच आहेत. हा चिरा किनाऱ्यामागच्या सड्यांवरून आलेला. मालवण परिसरातली एखादी जुनी भिंत नीट पाहिली, तर कोकणच्या भूगर्भाचा आणि पावसाचा बराचसा इतिहास तिच्यावर दिसतो.

सह्याद्रीच्या माथ्यावरचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. सिंधुदुर्गात या काळ्या थरांची दक्षिणेकडची कड येते. घाटाखाली उतरलं की त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात : ग्रॅनाइटसारखा पट्टेदार नाइस, तसेच कलादगी गटातले वालुकाश्म आणि गारेसारखे कठीण क्वार्ट्‌झाइट. या खडकांमध्ये क्वार्ट्‌झ भरपूर असतो आणि तो सहजी झिजून नाहीसा होत नाही. तारकर्लीची वाळू रायगडच्या काळपट किनाऱ्यांपेक्षा उजळ दिसते, त्यामागे हा फरक आहे.

जांभा मात्र लाव्हातून थेट आलेला नाही आणि समुद्राच्या तळाशीही साचलेला नाही. तो आधीच्या खडकाचा उरलेला भाग आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि भेगांतून खाली झिरपतं. वाटेत ते चुना, सोडा, मॅग्नेशिया आणि बरीचशी सिलिका विरघळवून नेतं. लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं तेवढी मागे राहतात. पावसाळ्यात ओल आणि उन्हाळ्यात कोरड, हे चक्र लाखो वर्षं चाललं की माथ्यावर लोहाचं कठीण कवच तयार होतं. तोच आपला कातळ. त्याखाली नळ्या-नळ्यांचा मऊसर जांभा आणि आणखी खाली पांढरट-गुलाबी चिकणमाती असते. मूळ खडक बेसाल्टच हवा असंही नाही. दक्षिण कोकणात नाइसवरही जांभा चढलेला आढळतो.

या दगडाला शास्त्रात जागा मिळवून दिली फ्रान्सिस बुकॅनन या सर्जनने. केरळातल्या अंगाडीपुरम परिसरात लोक खाणीतून मऊ दगड कापून काढतात आणि तो हवेत ठेवला की कडक होतो, हे त्याने 1807 साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात नोंदवलं. कोकणातल्या चिरेखाणींचं सगळं कामही याच गुणावर चालतं. ताजा, ओलसर चिरा हत्याराने ताशता येतो. मग तो सुकतो, त्यातली लोहसंयुगं घट्ट होतात आणि कड टिकते.

भिंतीजवळ उभं राहिलं की चिऱ्यावरची भोकं पहिल्यांदा नजरेत भरतात. त्या पोकळ्यांत पूर्वी माती होती, ती धुऊन गेली आहे. गडद तपकिरी, जड चिरा म्हणजे लोह जास्त. पिवळट-गुलाबी आणि बोटाने खरवडला जाणारा चिरा म्हणजे मातीचा अंश जास्त. असा चिरा बाहेरच्या भिंतीला लावणं धोक्याचं.

कारण ज्या पावसाने जांभा घडवला, तोच पाऊस उघड्या भिंतीला खातो. सच्छिद्र चिरा पाणी पितो, समुद्रावरून आलेलं मीठ आत घेतो आणि भिंत सुकताना मिठाचे स्फटिक फुगून पृष्ठभागाचे पापुद्रे काढतात. जुन्या बांधकामातली प्रत्येक सोय याला उत्तर म्हणून आलेली आहे. उंच चौथऱ्यामुळे पागोळ्यांचं पाणी भिंतीवर उडत नाही. कौलांची वळचण लांब असते. चुन्याचा गिलावा पाऊस अडवतो, पण आतली ओल बाहेर जाऊ देतो. हा चुना पुष्कळदा शिंपले भाजून केलेला असे. पश्चिमेची झड अडवायला पावसाळ्यापूर्वी झावळ्यांची झापं बांधली जात.

गिलावा काढला तर काय होतं, हे पाहायला जुन्या गोव्यात जावं. 1605 मध्ये पूर्ण झालेल्या बॉम जेझू बॅसिलिकाच्या दर्शनी भागात नक्षीसाठी वसईहून आणलेला बेसाल्ट आहे, बाकी बांधकाम मुख्यतः जांभ्याचं. कोरीव कामाला घट्ट काळा दगड आणि जाड भिंतींना जांभा, अशी कामाची वाटणी होती. 1950 च्या दशकात तिचा चुन्याचा गिलावा खरवडला गेला. भाविकांच्या आणि पर्यटकांच्या मनात आज बसलेला लालसर चेहरा तेव्हापासूनचा आहे आणि तेव्हापासून जांभा थेट पावसाच्या माऱ्यात उभा आहे. पुन्हा गिलावा करावा की नाही, हा वाद त्यातूनच निघाला.

किनाऱ्यावरच्या नव्या बांधकामांतही उघड्या जांभ्याची हौस आहे. काही जण त्यावर चकचकीत लेप देतात, तर काही जुन्या भिंती सिमेंटने लिंपतात. दोन्हींमुळे ओल आत कोंडते आणि चिरा मागून भुसभुशीत होतो. दिसायला जांभा हवाच असेल, तर तो पडवीच्या आत, वळचणीच्या आडोशाला शोभतो.

2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ जागतिक वारसा यादीत घेतला; त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे किल्ले आहेत. विजयदुर्गाच्या तटात जांभ्याचे मोठमोठे चिरे आहेत. अशा वास्तूंच्या अंदाजपत्रकात दरवर्षीची दरजभरणी, भिंतीत रुजलेली झाडं काढणं आणि पाण्याच्या वाटा मोकळ्या करणं या नोंदी सर्वांत वर हव्यात. जांभ्याची मोठी दुरुस्ती ही बहुतेक वेळा टाळलेल्या लहान दुरुस्त्यांची बेरीज असते.