खाजकुयरीच्या बियांतलं कंपवाताचं औषध

जळगाव जामोद, संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला हिवाळ्यात धुऱ्यानं चालणारी माणसं खाजकुयरीचा वेल दिसला की लांबून जातात. तिच्या वाळलेल्या शेंगांवरची तपकिरी लव अंगावर उडाली की आग आग होते. याच शेंगांतल्या बिया जडीबुटीच्या दुकानात कवचबीज म्हणून विकल्या जातात. बहुतेक गिऱ्हाईक त्या ताकदीसाठी नेतं. वैद्य मात्र त्या गाईच्या दुधात उकळून, साल काढून कंपवातावरही देत आले आहेत.

हात थरथरणं, पावलं अडखळणं, शरीर पुढे झुकणं ही कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनच्या आजाराची, लक्षणं लंडनच्या जेम्स पार्किन्सननं 1817 मध्ये एकत्र मांडली. चरकानं त्याच्या कितीतरी आधी वातविकारांत ‘वेपथु’ म्हणजे कंप मोजला होता. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय रसायनतज्ज्ञांनी 1937 मध्ये कवचबीजातून लेव्होडोपा वेगळा काढला. त्याचा पार्किन्सनशी काही संबंध असेल, हे तेव्हा जगात कुणाच्याच ध्यानात नव्हतं. पुढे तोच लेव्होडोपा या आजाराचं मुख्य औषध ठरला. मेंदूत हालचालींना लय देणारं डोपामिन या आजारात आटत जातं. ते बाहेरून दिलं तर मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतो आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं.

म्हणजे कवचबीजाचा गुण खरा आहे, आणि म्हणूनच त्याची धास्तीही बाळगायला हवी. बियांत साधारण चार ते सहा टक्के लेव्होडोपा असतो, पण तो वाणाप्रमाणे आणि जमिनीप्रमाणे बदलतो. एका पुडीत किती गेला, हे नेणाऱ्यालाही कळत नाही आणि विकणाऱ्यालाही. दवाखान्यातल्या गोळीत लेव्होडोपाच्या जोडीला कार्बिडोपा असतो. लेव्होडोपा मेंदूत पोचण्याआधीच खर्ची पडू नये, हे त्याचं काम. चूर्णात तो नसतो. त्यामुळे मळमळ होते, उठताना रक्तदाब घसरून चक्कर येते. गोळी चालू असताना वरून चूर्ण घेतलं तर अंग वेडंवाकडं हलू लागतं, नसलेली माणसं दिसू लागतात.

2004 मध्ये लंडनला आठ रुग्णांवर झालेल्या चाचणीत 30 ग्रॅम चूर्णाचा गुण गोळीपेक्षा लवकर आला आणि जास्त वेळ टिकला. मात्र पुढे 14 रुग्णांना सोळा आठवड्यांच्या चाचणीत रोज चूर्ण दिलं गेलं, तेव्हा त्यातल्या निम्म्यांनी ते मधेच सोडलं. कुणाला पोटाचा त्रास झाला, कुणाची हालचाल बिघडली. चूर्ण विकणाऱ्या जाहिरातींनी या दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात.

कवचबीजाच्या नेमकी उलट वागणारी, बेचैनी आणि झोप न येणं यांवरची आपली जुनी मुळी म्हणजे सर्पगंधा. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरचा तिचा गुण 1949 मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला, आणि ती जगभर गेली. 1952 मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं निघालं. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी हेच रेसरपिन सशांना दिलं, तेव्हा ते जागच्या जागी थिजले. मग डोपामिन ज्यापासून बनतं तो डोपा टोचल्यावर ते पुन्हा हलू लागले. 1957 च्या या प्रयोगातून पार्किन्सनचं मर्म उलगडत गेलं आणि कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं. सर्पगंधा डोपामिन रिकामं करते, कवचबीज ते भरतं. कंपाच्या रुग्णानं झोपेसाठी सर्पगंधा घेतली तर कंप वाढू शकतो, हे त्या मुळ्या विकत घेणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी सांगायला हवं.

कंप आणि बेचैनी यांची जोडी चिनी वैद्यकातही भेटते. तिथे कंप, चक्कर आणि बेचैनी ही एकाच बिघाडाची लक्षणं मानतात: यकृताची उष्णता चढते आणि आत वारा उठतो. त्यावर थ्येनमा नावाच्या, पानं नसलेल्या ऑर्किडचा कंद, गौथंग वेलीचे आकडे आणि समुद्री शिंपला यांच्यासह अकरा द्रव्यांचा काढा देतात. ‘वात’ मानणाऱ्या आपल्या वैद्याला ही मांडणी ओळखीची वाटेल. पण तिन्ही लक्षणांना एकच कारण धरणं धोक्याचं आहे. थायरॉईड वाढला तरी हात कापतात. काही घराण्यांत कंप पिढीजात असतो आणि तो पार्किन्सन नसतो.

याहून मनाला लागणारी गोष्ट वेगळीच आहे. चक्करेसाठी दिलेल्या सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेरॅझिनसारख्या गोळ्या वयस्क माणसानं महिनोन्‌महिने घेतल्या, तर त्यांनीच पार्किन्सनसारखा कंप येऊ शकतो. त्या वेळीच बंद केल्या तर तो बहुतेकदा ओसरतो. पण गावाकडे जुनी चिठ्ठी दाखवून त्याच गोळ्या वर्षभर आणल्या जातात, आणि आजोबांचा हात म्हातारपणामुळे कापतो असं घर मानून चालतं.

म्हणून खामगावला असो की बुलढाण्याला, मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, काढे पिशवीत घालून न्या, नावं आठवत नसली तरी. आधीपासून लेव्होडोपा किंवा कवचबीज चालू असेल तर ते आपल्या मनानं एकदम थांबवू नका. अचानक थांबवलं तर अंग कडक होऊन ताप चढू शकतो आणि जिवावर बेतू शकतं.