मुंबई हायकोर्टाची इमारत

मुंबईच्या ओव्हल मैदानावर उभें राहून पूर्वेकडे पाहिलें, म्हणजे राजाबाई मनोऱ्याच्या डाव्या हातास काळ्या दगडाची जी लांबच लांब इमारत दिसते, ती हायकोर्टाची. कोर्टाची स्थापना १८६२ सालची. परंतु त्यास स्वतःचें घर मिळण्यास सोळा वर्षांहून अधिक काळ लागला. किल्ल्याचा तट पाडल्यावर मोकळ्या झालेल्या जागेंत एप्रिल १८७१ मध्यें काम सुरू झालें, नोव्हेंबर १८७८ मध्यें संपलें, आणि १० जानेवारी १८७९ रोजीं येथें पहिलें कोर्ट भरलें. नकाशा कर्नल फुलर या लष्करी इंजिनियराचा. खर्चाचा अंदाज १६,४७,१९६ रुपयांचा. प्रत्यक्ष खर्च आला १६,४४,५२८ रुपये. सरकारी काम अंदाजाच्या आंत, मग तें २,६६८ रुपयांनीं कां होईना, उरकल्याचें उदाहरण विरळाच म्हणावयाचें.

इमारतीची लांबी ५६२ फूट व रुंदी १८७ फूट आहे. धाटणी गॉथिक; म्हणजे टोंकदार कमानी, उतरतीं छपरें आणि आकाशांत घुसणारे मनोरे. मधला मनोरा १७८ फुटांहून उंच आहे. पश्चिमेच्या दर्शनी दरवाजाच्या दोहों बाजूंस दोन अष्टकोनी मनोरे असून त्यांवर न्याय व दया यांच्या मूर्ति आहेत. दोघी एकमेकींपासून बऱ्याच अंतरावर उभ्या आहेत, हें पक्षकारांच्या लक्षांत येतच असेल!

आंतील खांबांच्या माथ्यांवर पशुपक्ष्यांचें कोरीव काम आहे. त्यांत एका डोळ्यास पट्टी बांधून तराजू धरलेलें एक माकड आहे. कंत्राटदाराचें वरिष्ठांशीं बिनसलें व त्यानें हा सूड उगविला, अशी आख्यायिका सांगतात. ती रसाळ खरी. परंतु युरोपांतील जुन्या गॉथिक मंदिरांतही अशीं व्यंगचित्रें विपुल आढळतात, तेव्हां कारागिरानें परंपराच पाळली असणें अधिक संभवतें.

मधल्या भागांत, दुसऱ्या मजल्यावर, पूर्वीं जेथें फौजदारी खटले चालत तें दालन आहे. येथेंच जुलै १९०८ मध्यें लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. न्यायासनावर होते न्यायमूर्ति दिनशा दावर. १८९७ च्या खटल्यांत बॅरिस्टर या नात्यानें टिळकांच्या जामिनासाठीं याच दावरांनीं अर्ज चालविला होता! टिळकांनीं आपली बाजू स्वतःच मांडली. नऊ ज्यूररांपैकीं सातांनीं दोषी व दोघांनीं निर्दोष असें मत दिलें. २२ जुलैच्या रात्रीं सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवसापासून गिरणी कामगारांनीं संप पुकारला व तो सहा दिवस टिकला. शिक्षेपूर्वीं बोलण्याची संधि मिळतांच टिळकांनीं जे थोडेसे शब्द उच्चारले, ते पुढें संगमरवरांत कोरले गेले. १९५६ सालीं मुख्य न्यायाधीश छगला यांच्या हस्तें त्या शिलेचें अनावरण झालें. ती त्याच दालनाबाहेर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पडेल अशी बसविलेली आहे.