काजऱ्याचे बी आणि औषधाची परीक्षा

गोमंतकात व कोकणात आढळणारे काजऱ्याचे झाड ग्रामीण जनतेस परिचित आहे. त्याच्या नारिंगी फळातील चपट्या, बटणासारख्या बिया आयुर्वेदात ‘कुचला’ अथवा ‘विषमुष्टी’ म्हणून ओळखल्या जातात. वातविकारांवरील औषधांत त्यांचा उपयोग होतो. तथापि, त्यांतील स्ट्रिक्निन हे द्रव्य स्नायूंना आवर घालणाऱ्या मज्जारज्जूच्या कार्यात बाधा आणते. परिणामी तीव्र आचके येऊन, श्वास कोंडून मृत्यू ओढवू शकतो. ‘झाडपाल्याचे औषध अपाय करीत नाही’ हा समज म्हणूनच घातक आहे.

प्राचीन वैद्यांस हा धोका ठाऊक होता. बिया गोमूत्रात भिजवून, दुधात उकळून व तुपात परतून त्या शुद्ध करण्याचा विधी त्यांनी सांगितला. उंदरांवरील आधुनिक प्रयोगांत अशा शोधित बियांची विषारीता कच्च्या बियांहून कमी आढळली आहे.

अशी परीक्षा टप्प्याटप्प्याने होते. आंतरराष्ट्रीय पद्धतीपैकी एकीत प्रत्येक टप्प्यास तीन प्राण्यांना अर्काची एक मात्रा देऊन १४ दिवस निरीक्षण करतात. पुढील चाचणीत २८ किंवा ९० दिवस रोज मात्रा देऊन वजन, रक्त, यकृत व मूत्रपिंड तपासतात. अपाय न करणारी मात्रा यावरून ठरते. प्राण्यांना अकारण यातना होऊ नयेत यासाठी १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा असून, प्रयोगास नीतिसमितीची पूर्वसंमती लागते.

काढा आणि अर्क यांत भेद आहे. पाण्यात न उतरणारी द्रव्ये अन्य द्रावकात उतरतात. यास्तव २०१० च्या नियमानुसार ग्रंथोक्त जलीय अर्कास या चाचण्यांतून सूट आहे. पाणी व जलमिश्रित मद्यार्क यांखेरीज अन्य द्रावकाने काढलेल्या अर्कास मात्र त्या आवश्यक आहेत.

प्राण्यास मानवले ते माणसास मानवेलच असे नाही. ही परीक्षा म्हणजे पहिली चाळणी होय. म्हणून काजऱ्याचे बी घरी उगाळून किंवा कुटून कोणीही घेऊ नये. कुचलायुक्त औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना असते, ती पाळावी. बी पोटात गेल्याचा संशय येताच रोग्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे व उरलेले बी सोबत न्यावे. शिक्षकांनी मुलांना हे झाड व फळ दाखवून ओळख करून द्यावी, ही विनंती.