खेळ मुलांचा, सोबत मोठ्यांची

दोन-अडीच वर्षांचें मूल असलें म्हणजे घर भरल्यासारखें वाटतें, असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु त्या मुलाबरोबर रोज दहा-बारा तास काढणाऱ्या माणसास विचारलें, तर निराळें उत्तर मिळण्याचा संभव आहे. मूल बडबडतें, पण त्याच्याशीं संभाषण होत नाहीं. त्याला क्षणभर एकटें सोडवत नाहीं, पण त्याच्या सोबतीनें आपलें एकटेपण जात नाहीं. पूर्वीच्या वाड्यांत किंवा चाळींत ही अडचण फारशी जाणवत नसे. सासू, जाऊ, नणंद, शेजारीण यांपैकीं कोणी ना कोणी हाताशीं असे. मूल या कडेवरून त्या कडेवर जाई, आणि तांदूळ निवडतां निवडतां मनांतलें बोलणेंहि होऊन जाई. त्या व्यवस्थेंत जाच नव्हता असें मुळींच नाहीं. पण सोबत होती. बंद दाराच्या सदनिकेंत जाच कमी झाला आणि सोबतहि गेली. घरीं राहून मूल वाढविणाऱ्या आईची, आणि आतां कांहीं घरांतून वडिलांचीहि, ही जी अडचण, तिच्यावर निरनिराळ्या देशांतील गृहस्थाश्रमी माणसांनीं स्वतःच एक उपाय शोधून काढला. त्याचें नांव बालगट, अथवा शहरांत रूढ झालेल्या शब्दांत, प्लेग्रुप.

आपल्या शहरांत प्लेग्रुप म्हटला कीं, भिंतींवर रंगीत चित्रें काढलेली आणि फी घेऊन चालविलेली शिशुशाळा डोळ्यांपुढें येते. मूल फाटकाशीं सोडावयाचें आणि दोन-तीन तासांनीं घेऊन जावयाचें, एवढाच आईबापांचा तिच्याशीं संबंध. मूळ कल्पना याहून निराळी होती. तींत आईबाप फाटकाशीं थांबत नसत. ते आंत येत, आळीपाळीनें काम करीत, आणि सारा कारभारहि तेच पाहत. हा फरक किती महत्त्वाचा आहे हें समजण्यास न्यूझीलंडचें उदाहरण फार उपयोगी पडतें.

न्यूझीलंडांत १९०७ सालीं डॉ. ट्रुबी किंग यांनीं प्लंकेट सोसायटी स्थापन केली. तान्हीं मुलें दगावूं नयेत हा तिचा हेतु स्तुत्य होता. पण तिची शिस्त मोठी कडक होती. मुलाला घड्याळ पाहून चार चार तासांनीं दूध द्यावें, उगाच फार कवटाळूं नये, असा तिचा दंडक असे. परिचारिकेनें सांगावें आणि आईनें ऐकावें. शेजारच्या आईचा अनुभव काय आहे हें विचारण्यास त्या पद्धतींत फारशी जागा नव्हती. १९३७ सालीं इंग्लंडांतील बालमानसशास्त्रज्ञ सुसान आयझॅक्स या नवशिक्षणाच्या एका परिषदेसाठीं त्या देशांत जाऊन आल्या. खेळ हा मुलाचा वेळ घालविण्याचा मार्ग नसून शिकण्याचा मार्ग आहे, हा विचार त्यांच्यासारख्या व्याख्यात्यांमुळें तेथील सुशिक्षित घरांत पोंचला.

पुढें दोनच वर्षांनीं महायुद्ध सुरू झालें. अनेक घरांतील पुरुष परदेशीं लढावयास गेले, आणि लहान मुलांच्या आया घरीं एकट्या राहिल्या. तेव्हां १९४१ सालीं वेलिंग्टन शहरांतील कांहीं स्त्रियांनीं मिळून एक मंडळ काढलें, आणि करोरी या उपनगरांत पहिलें 'प्लेसेंटर' म्हणजे खेळघर उघडलें. शिक्षणखात्याच्या संचालकांच्या पत्नी बीॲट्रिस बीबी या त्या स्त्रियांपैकीं एक होत्या. मुलांना खेळगडी मिळावेत आणि आयांना थोडी उसंत मिळावी, असे दोन हेतु पहिल्यापासून बरोबरीनें धरलेले होते. कांहीं आयांनीं मुलांजवळ राहावें, बाकीच्यांना ती वेळ मोकळी मिळावी, आणि पुढच्या खेपेस पाळी बदलावी, अशी ती साधी योजना होती.

१९४८ सालीं अशा खेळघरांचा देशव्यापी संघ झाला आणि ग्वेन सॉमरसेट या त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. या बाईंनीं आपल्या पतीसह फील्डिंग गांवांत प्रौढांसाठीं समाजकेंद्र चालविलें होतें. त्यामुळें खेळघर ही आईचीहि शाळा आहे, हें त्यांच्या चटकन लक्षांत आलें. आपलेंच मूल एकटें पाहिलें म्हणजे त्याची प्रत्येक खोड जगावेगळी वाटते. दहा मुलें एकत्र पाहिलीं म्हणजे त्यांतील आठ तसेंच करतात हें दिसतें, आणि आईच्या मनावरचें अर्धें ओझें उतरतें. खेळघरांत आयांसाठीं बालविकासाचे अभ्यासवर्ग निघाले. हिशेब ठेवणें, सभेचें इतिवृत्त लिहिणें, माती, रंग, लांकडी ठोकळे आणणें, मोडलेली घसरगुंडी दुरुस्त करणें, हीं सारीं कामें आईबापांकडेच असत. माओरी भाषेंतील त्यांच्या ब्रीदवाक्याचा अर्थच मुळीं 'एकत्र वाढणारीं कुटुंबें' असा आहे. पुढें अधिकाधिक स्त्रिया नोकरी करूं लागल्या, तशी या खेळघरांची संख्या घटली. तरी आजहि तीं आईबापांच्याच सहकारानें चालतात.

इंग्लंडांत हीच गोष्ट वीस वर्षांनीं निराळ्या कारणानें घडली. १९६० सालीं तेथील शिक्षणमंत्रालयानें परिपत्रक काढून सरकारी शिशुशाळांची वाढ रोखून धरली. १९६१ च्या ऑगस्ट महिन्यांत बेल टुटेव्ह या लंडनमधील एका लहान मुलीच्या आईचें पत्र 'गार्डियन' पत्रांत प्रसिद्ध झालें. शाळेंत जागा नाहीं म्हणून त्यांनीं स्वतःच बालगट सुरू केला होता. इतर आयांनींहि तसें करावें आणि सरकारकडे शाळांची मागणीहि चालू ठेवावी, असा त्यांचा आशय होता. त्या पत्रास ठिकठिकाणच्या आयांनीं उत्तरें पाठविलीं, आणि त्यांतूनच प्री-स्कूल प्लेग्रुप्स असोसिएशन ही संस्था उभी राहिली. चर्चच्या दालनांतून आणि खेड्यांतील सभागृहांतून हजारों बालगट निघाले. एका पत्रास एवढा प्रतिसाद मिळाला याचें कारण शाळांची टंचाई हें होतेंच. पण आपल्यासारखें दुसरें कोणी आहे हें कळण्याची भूकहि त्याच्या मुळाशीं होती.

ही भूक म्हणजे सुखवस्तु बायकांचें खूळ नव्हे, हें पुढें संशोधनानेंहि दिसून आलें. जॉर्ज ब्राउन व टिरिल हॅरिस यांनीं लंडनच्या कॅम्बरवेल भागांतील स्त्रियांच्या नैराश्याचा अभ्यास केला, तो १९७८ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. जीवनांत मोठा आघात झाला असतां कांहीं स्त्रिया सांवरतात आणि कांहीं खचतात, असें कां व्हावें, हा त्यांचा प्रश्न होता. ज्यांना मन मोकळें करावयास जिवाभावाचें माणूस नाहीं, ज्यांच्या घरीं चौदा वर्षांखालील तीन किंवा अधिक मुलें आहेत, ज्यांना घराबाहेर नोकरी नाहीं, आणि ज्यांची आई लहानपणींच गेली, त्या अधिक खचतात, असें त्यांना आढळलें. यांतील पहिली गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. बालगट म्हणजे औषध नव्हे. आजार असेल तर डॉक्टरांकडेच गेलें पाहिजे. परंतु जिवाभावाचें माणूस भेटण्याची जागा तो खात्रीनें होऊं शकतो.

आतां मुलांकडे पाहूं. दोन वर्षांचें मूल चार मुलांत बसविलें कीं तें लगेच मिळून-मिसळून खेळेल, अशी पुष्कळांची समजूत असते, आणि तसें झालें नाहीं म्हणजे आई हिरमुसते. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन विदुषीनें मिनेसोटा विद्यापीठांतील शिशुशाळेच्या मुलांचें निरीक्षण करून १९३२ सालीं एक लेख प्रसिद्ध केला. प्रथम मूल नुसतेंच इकडे तिकडे पाहतें, मग एकटें खेळतें, मग दुसऱ्यांचा खेळ टक लावून पाहतें. त्यानंतर तें दुसऱ्याच्या शेजारीं बसून तसाच पण आपला वेगळा खेळ खेळतें. पुढें देवघेव सुरू होते. आणि शेवटीं सर्वांनीं मिळून एक बेत करून खेळणें जमतें. अशा सहा प्रकारांचें तिनें वर्णन केलें. हे प्रकार पायऱ्यांसारखे एकामागून एकच येतात असें नाहीं. मोठें मूलहि पुष्कळदां एकटें खेळतें, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं. पण दोन मुलें वाळूंत पाठीला पाठ लावून आपापला डबा भरीत बसलीं असतील, तर बालगट फसला असें समजूं नये. त्यांचा सहवास चालूच असतो.

खरी कसोटी लागते ती भांडणाच्या वेळीं. एकानें दुसऱ्याच्या हातांतली मोटार ओढली, दुसऱ्यानें त्याच्या दंडाला चावा घेतला, कीं दोन्ही मुलें पांच मिनिटांत तें विसरून जातात. आया मात्र पांच महिने विसरत नाहींत. चावणाऱ्या मुलाची आई शरमेनें येईनाशी होते, आणि ज्या आईला सोबतीची सर्वांत अधिक गरज तीच गटांतून गळते. यावर पाळीच्या पद्धतींत एक चांगली सोय आहे. ज्या दिवशीं ज्याची पाळी, त्या दिवशीं सगळीं मुलें त्याचीं. 'तुमच्या मुलानें' आणि 'माझ्या मुलानें' ही भाषा मग मागें पडते. आज दुसऱ्याचें रडणारें मूल उगी करणारी आई उद्यां स्वतःचें मूल निर्धास्तपणें दुसरीच्या हातीं देते, आणि विश्वासाची देवघेव सुरू होते.

मोठ्यांच्या घोळक्यास दुसराहि एक दोष जडतो. घोळका एकदां जमला म्हणजे तो नव्या माणसाकडे पाठ फिरवितो. जपानांत १९९० नंतरच्या दशकांत 'पार्कांतील पदार्पण' अशा अर्थाचा एक शब्दच रूढ झाला. आई मुलाला घेऊन प्रथमच मोहल्ल्यांतील बागेंत जाते. तेथें आयांचे जमलेले कोंडाळे असतात. आपल्याला त्यांत घेतील कीं नाहीं, या धास्तीनें ती आदल्या दिवसापासून कपड्यांचा आणि बोलण्याचा विचार करते. आपल्या सोसायटीच्या बागेंतहि हें दृश्य अनोळखी नाहीं. भाषा निराळी, गांव निराळें, हुद्दा निराळा, किंवा मुलाला घेऊन येणारा बाप आहे, एवढ्या कारणावरून एखादें माणूस बाकाच्या टोकाशीं मोबाइलकडे पाहत बसून राहतें.

बापांची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. स्वीडननें १९७४ सालीं बालसंगोपनाची पगारी रजा बापांनाहि खुली केली. तेथें 'खुली शिशुशाळा' नांवाची एक सोय आहे. तिला फी नाहीं, नांवनोंदणीची सक्ती नाहीं. अट एकच, कीं मुलाबरोबर मोठ्या माणसानें थांबलें पाहिजे. बाप तेथें इतक्या सहजपणें येऊन बसतात कीं कोणाला नवल वाटत नाहीं. आपल्याकडे दुपारीं मुलाला घेऊन घरीं असलेल्या बापाला 'आज सुट्टी वाटतें?' हा प्रश्न अजून चुकत नाहीं.

महाराष्ट्राला हा विचार अगदींच परका आहे असें मात्र नव्हे. गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरास काम करून मुंबईस परतलेल्या ताराबाई मोडक यांनीं १९३६ सालीं दादर येथें शिशुविहार सुरू केला, आणि १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामबालशिक्षणाचें काम हातीं घेतलें. तेथें गरीब वस्तींतील मुलें बालवाडीकडे येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली. आई तेथेंच काम करीत असे, आणि मूल काय करतें हें तिला दिसत असे. अंगणवाडीची कल्पना अशी घराच्या दाराशीं जन्मली. १९७५ सालीं सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेंतील केंद्रें आज त्याच नांवानें देशभर ओळखलीं जातात.

शहरांतील सदनिकांना अंगण उरलें नाहीं, पण जिन्याखालची मोकळी जागा, सोसायटीचें कार्यालय, गच्ची, देवळाचा सभामंडप हीं आहेतच. पांच-सहा घरांनीं आठवड्यांतून दोन सकाळ एकत्र यावयाचें ठरविलें, तर फार खर्च लागत नाहीं. वाळूची एक पाटी, पाण्याचें टोपलें, रिकामे डबे, जुन्या साड्या, खडू, एवढ्यावर मुलें दोन तास रमतात. दोघांनीं मुलांजवळ राहावें, बाकीच्यांनीं चहा घेत बसावें, आणि पाळी वहीत लिहून ठेवावी म्हणजे रुसवेफुगवे होत नाहींत. आजी-आजोबांनाहि पाळी द्यावी. त्यांच्यापाशीं वेळ असतो आणि गोष्टी असतात. आणखी एक काम वहीत अवश्य असावें: त्या दिवशीं नवीन आलेल्या माणसाशेजारीं बसून त्याची विचारपूस कोणी करावयाची. वाळू आणि डबे एखादे दिवशीं आणावयाचे राहिले तरी चालेल. हें काम राहूं नये.