खाडीचा चिखल काळा का?

मानखुर्दहून वाशीकडे लोकल निघाली की ठाणे खाडीचा पूल लागतो. ओहोटीला तिवरांच्या मुळांशी काळाकुट्ट चिखल उघडा पडतो आणि सडक्या अंड्यांचा वास नाकात शिरतो.

हा वास हायड्रोजन सल्फाइडचा. चिखलात प्राणवायू संपला की जिवाणू खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटपासून हा वायू तयार करतात. लोहाशी गाठ पडली की काळा आयर्न सल्फाइड बनतो.

हाच वायू प्रयोगशाळेत तांबे आणि लोह असलेल्या आम्लधर्मी द्रावणात सोडला, तर तांब्याचा काळा अवक्षेप खाली बसतो, लोह मात्र विरघळलेलेच राहते. असे का, ते आकडेच सांगतात. वायूने संपृक्त द्रावणात सल्फाइड आयनांची संहती म्हणजे ढोबळमानाने 10⁻²² भागिले हायड्रोजन आयनांच्या संहतीचा वर्ग. आम्ल 0.3 मोलर असेल, तर उत्तर सुमारे 10⁻²¹. त्याला धातूच्या 0.01 मोलर संहतीने गुणले की 10⁻²³. हा आकडा सल्फाइडच्या विद्राव्यता गुणाकाराहून मोठा असेल, तरच अवक्षेप बसतो. कॉपर सल्फाइडचा विद्राव्यता गुणाकार साधारण 10⁻³⁶, म्हणून तो बसतो. आयर्न सल्फाइडचा साधारण 10⁻¹⁸, म्हणून तो बसत नाही.

आता सामू 7 धरा. वायू तेवढाच असला, तरी सल्फाइड आयन 9 लाख कोटी पट होतात! मग लोहही सुटत नाही.

उलट, अशा चिखलावर आम्ल पडले तर आयर्न सल्फाइड विरघळून तोच विषारी वायू पुन्हा बाहेर येतो.