दहा मिनिटांची कचेरी

तंजावरजवळच्या तिरुवैयारूला मी गेले ती पंचरत्नांसाठी. पौष वद्य पंचमीला त्यागराजांच्या समाधीसमोर शेकडो गायक-वादक खेटून बसतात आणि नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री अशा पाच रागांतल्या त्यांच्या रचना एकत्र गातात. पण लक्ष अडकलं ते मांडवामागे रांगेत उभ्या असलेल्या एका पोरीत. ती वहीत बघून चक्क अभंग पुटपुटत होती.

इथं गायची ती त्यागराजांचीच रचना. अभंग कुंभकोणमच्या कचेरीसाठी, म्हणजे पुढच्या महिन्यातल्या मैफलीसाठी. वही तमिळ लिपीत. त्या लिपीत क, ख, ग, घ या चौघांना एकच अक्षर, म्हणून डोक्यावर बारीक २, ३, ४ असे आकडे टाकलेले. ‘चरण’मधला च आणि ‘चाक’मधला च मात्र कुठल्याच आकड्यात बसेना. “अक्का, परत म्हणा,” असं म्हणत तिनं तो माझ्याकडून घोटून घेतला. पुण्यातल्या किती गायकांना याची एवढी फिकीर असते?

तंजावरला अभंग काही नवा नाही. भोसल्यांचं राज्य गेल्यावरही रामचंद्रबुवा मोरगावकरांसारखे कीर्तनकार इथं येत राहिले. त्यांचं ऐकून कृष्ण भागवतरांनी साकी, दिंडी तमिळ हरिकथेत आणली. आता कर्नाटक कचेरीच्या शेवटी, मृदंगाचं तनि आवर्तन, म्हणजे एकल वादन, झालं की, श्रोते हक्कानं अभंग मागतात.

रांगेतली ती पोरगी इथल्याच कावेरी डेल्टातल्या एका गावची, शिकते चेन्नईत. तिथल्या डिसेंबरच्या संगीत-हंगामात तिला दुपारची वेळ मिळते: तिकीट नाही, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. मानधन मिळालंच तर व्हायोलिन आणि मृदंगवाल्याला देऊन संपतं. संध्याकाळ मोठ्यांची. दुपारवरून संध्याकाळवर सरकायला किती वर्षं लागतात, यावर ती नुसती हसली. तिरुवैयारूत मानधनाचा प्रश्नच नाही, ही सेवा. “दहा मिनिटं,” ती म्हणाली. “पण इथली.”

दहा मिनिटांत आलाप रंगवायला जागा नसते. एक कृती, तिच्या शेपटाला थोडे स्वर, की उठायचं. एक संच उतरतोय तोवर दुसरा चढतोय. फोनवरचा तंबोरा पांढरी पाचला लावलेला. मृदंगवाला पोरगा कानाशी वाद्य धरून कडेवर दगडानं हलकेच ठोकत होता, तेवढ्यात आधीच्यांचं संपलंसुद्धा. चांगल्या गळ्याला असं घड्याळाला बांधणं मला जाचक वाटतं. पण ज्या समाधीपुढे बायकांना गाऊच देत नव्हते, तिथं ही रांग निम्मी पोरींची आहे, हेही दिसत होतं. बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी गायिकेनं आपल्या कमाईतून १९२५ साली समाधीवर मंदिर बांधलं, आणि गाण्याचा हक्क भांडून मिळवला.

तिचं नाव पुकारलं. कृतीच्या मधल्या भागात, अनुपल्लवीत, आवाज वर चढताना किंचित कापला, चरणात सावरला. स्वरांत ती रंगात येतेय म्हणेपर्यंत पुढचा संच पायऱ्यांशी.

खाली उतरल्यावर अभिप्राय विचारायला ती थांबली नाही. व्हायोलिनवाल्याला तंजावरची बस गाठायची होती. त्याच्या हातात भाड्याचे पैसे ठेवून ती मृदंगवाल्याकडे वळली आणि कुंभकोणमची तारीख पक्की करू लागली.

“दुपारचीच आहे,” मला म्हणाली, “पण दीड तास.”